दोन लेकरांची बाबागाडी आणि इंदूताई

इंदूताई वडके. नाव आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला वाटायला नको की हे सगळं मी एकटीनं केलं.

कसबा पेठेत आमच्या खोलीसमोरच त्यांचं घर. लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, तिथूनच रिटायर झाल्या. खुर्ची स्वतःच्या हातानं चालवायच्या. कोणी मागून ढकलायला आलं की म्हणायच्या, "हात काढा. मी भाजीची गाडी नाही."

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते भांडतानाच. त्यांच्या दारात खुर्ची उतरवायला सिमेंटचा उतार होता आणि त्याला आडवी कोणीतरी मोटारसायकल लावलेली. इंदूताईंनी आरडाओरडा केला नाही. शेजाऱ्याकडून मागचं दार उघडून घेतलं, वळसा घालून आल्या आणि मोटारसायकलच्या पुढ्यात खुर्ची लावून पेपर वाचत बसल्या. मालक आला.

"आजी, जरा सरका ना. ऑफिसला उशीर होतोय."

"मलाही होत होता."

"तुम्हाला कुठं जायचंय?"

"ते तुम्हाला सांगून निघायचं असतं, हे माहीत नव्हतं."

तो सॉरी म्हणाला. इंदूताईंनी पेपराचं पान उलटलं. "सॉरी नको. उद्या गाडी नको."

मी खिडकीतून बघत होते. कोणाचा आवाज चढला की मी आधी दार लावून घेते. आम्ही यवतमाळकडचे. मिस्टरांना इथं वेल्डिंगचं काम मिळालं म्हणून आलो. शाळा माझी सातवीतच सुटली, त्यामुळं पुण्यात कोणी काही विचारलं की आधी वाटतं, आपलंच चुकलं असणार.

त्या वर्षी आमचा शिवू अजून पालथाही पडत नव्हता आणि आरूला तिसरं लागलं होतं. मी एका खानावळीत पोळ्या लाटायचे. आरूला अंगणवाडीत सोडायचं, शिवूला घेऊन कामावर जायचं, परत येताना तिला घ्यायचं. एका हातावर बाळ, खांद्याला पिशवी आणि दुसऱ्या हातात आरूचा हात. तो हात सोडवून घेणं हा तिचा खेळच होता. एक दिवस तिनं तो सोडवला आणि पळाली. स्कूटरचा धक्का लागून पडली. गुडघे सोलले, बाकी काही नाही. पण संध्याकाळी फोन गावाला गेला.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीले इकडं पाठवून दे. दोघं तुह्याच्यानं होत नाहीत." मिस्टर म्हणाले, "थोडे दिवस राहील, मग आणू."

ते 'थोडे दिवस' मला ठाऊक होते. माझ्या पाठी भाऊ झाला तेव्हा मलाही थोडे दिवस म्हणून मावशीकडं ठेवलं होतं. तिथंच मोठी झाले. मावशीची लेकरं सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून शाळा तिथंच सुटली, आणि लग्नही तिथूनच झालं. आई-बाप वाईट नव्हते. फक्त परत आणायचं राहून गेलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नळावर पाणी भरताना इंदूताईंनी विचारलं, "डोळे का सुजलेत?" आणि मी सगळं सांगून टाकलं. संपल्यावर म्हणाल्या, "रडून झालं असेल तर कामाचं बोलू. तुला हात दोन आहेत आणि पोरंही दोन. पिशवीला तिसरा हात कुठून आणणार? चाकं घे."

"बाबागाडी? आमच्यासारख्यांनी?"

"का, तुमच्यासारख्यांना रस्ता वापरायची बंदी आहे?"

खानावळीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळ जमिनीवर नको, गाडीत निजत असेल तर बोळकंडीत खुशाल ठेव. मिस्टरांच्या बोनसमध्ये नवा मोबाईल यायचा होता, तो राहिला. ते तोंड पाडून म्हणाले, "घे, पण आई येतेच आहे आरूले न्यायला. मग दोघांची गाडी कशाला?" मी पैसे तेवढे घेतले. आरू जाणार नाही, असं म्हणायची हिंमत माझ्यात तेव्हा नव्हती.

इंदूताई आणि आम्ही तिघं गेलो ते बाबागाड्यांचं दुकान लक्ष्मी रस्त्याकडं होतं, पण त्याला पायऱ्या होत्या. मी म्हटलं, इंदूताई, मी आत जाऊन बघून येते. त्या म्हणाल्या, "थांब. अहो, गाड्या बाहेर आणा."

दुकानदार म्हणाला, "मॅडम, माल बाहेर नाही आणत आम्ही."

"पायऱ्या तुम्ही केल्यात, मी नाही. आता तुम्हीच उतरा."

तो उतरला. आधी एक चकचकीत गाडी आणली, शेजारी-शेजारी दोन जागा, वर दोन टोप्या. "जुळ्यांचं मॉडेल आहे." मला तीच आवडली. दोघं सारखी बसतील, कोणाला कमी-जास्त नाही. इंदूताईंनी ती आपल्या खुर्चीला लावून बघितली. गाडी खुर्चीपेक्षा रुंद. "आपल्या बोळात खांबाशी माझी खुर्चीच घासून जाते. ही तिथं अडकेल आणि लोक तुलाच बोलतील." दुसरी गाडी एकामागं एक जागांची, लांबलचक. ती वळवताना मी फूटपाथवरच्या भाजीवालीच्या टोपलीला धडकले. "ही रेल्वेला द्या," इंदूताई म्हणाल्या.

"आजी, मग तुम्हाला पाहिजे तरी काय?" दुकानदार वैतागला.

"मला काही नको. जिला बसायचंय तिला कोणी विचारलंय का?"

आरूला कुठल्याच गाडीत बसायचं नव्हतं. कडक होऊन, पाय ताठ करून ती घसरून खाली येत होती. मला लाज वाटत होती. मी तिला दाबून बसवायला गेले, तर इंदूताई म्हणाल्या, "नको. बसवून ठेवायला पुढं माणसं भरपूर भेटतील तिला. तू तरी उभी राहू दे."

दुकानदारानं मग एक गाडी काढली, कोणी घेत नाही म्हणून कोपऱ्यात पडलेली. पुढं एकाच बाळाला निजायची जागा आणि मागं, दांड्याच्या खाली, मोठ्या लेकरानं उभं राहायची फळी. आरू कोणी न सांगता त्या फळीवर चढली. तिनं पुढचा दांडा धरला, मी मागून माझे हात तिच्या दोन्ही बाजूंनी लावले. आता ती सुटून जाऊच शकत नव्हती, आणि तिला वाटत होतं, गाडी तीच चालवते आहे.

"चालवून बघू," इंदूताई म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत."

"मॅडम, चाकं खराब होतील."

"रस्त्यावर खराब होणारी चाकं असतील तर तशी पाटी लावा दुकानावर."

त्या कोपऱ्यापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी मला सगळं शिकवलं. फूटपाथवरून उतरताना पाठ फिरवायची, मागची चाकं आधी सोडायची. गटाराच्या जाळीवर चाक सरळ घालायचं नाही, तिरकं न्यायचं. "आणि कोणी आडवं आलं तर तू बाजूला व्हायचं नाही. उभं राहायचं. बोलायला सुचलं नाही तर नुसतं उभं राहायचं. तेवढंही पुरतं."

तीच गाडी घेतली. सासूबाई आल्या त्या संध्याकाळीच आरूच्या कपड्यांची पिशवी भरून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारची गावाची एसटी होती. मी इंदूताईंना म्हटलं, तुम्ही समजवा ना त्यांना. त्या म्हणाल्या, "मी का समजावू? लेक तुझी. तोंडानं जमत नसेल तर नेऊन दाखव."

सकाळी मी शिवूला गाडीत निजवलं, आरू फळीवर चढली. सासूबाईंना म्हटलं, "आई, चला, माझ्याबरोबर या. मग काय ते ठरवा." त्या पदर खोचून मागून निघाल्या. बोळात एकीनं टोमणा मारलाच, "स्वारी निघाली वाटतं." मी पुढं गेले. चौकात एक स्कूटरवाला फूटपाथवर चढून हॉर्न वाजवत आला. मी गाडी त्याच्यासमोर उभी केली आणि हललेच नाही. तो म्हणाला, "ओ ताई, सरका की." मी म्हटलं, "रस्ता खाली आहे. तुम्ही उतरा." आवाज कापत होता, पण निघाला. आरूनं फळीवरून माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं, "उतला." मागं खोळंबलेली माणसं हसली. तो उतरला.

अंगणवाडी, खानावळ, पोळ्या, परत अंगणवाडी. सासूबाई सगळीकडं मागून होत्या. घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून आरूचे कपडे काढून दोरीवर टाकले. "दमट झाले होते," म्हणाल्या. मग चप्पल घातली. "मी एकटीच जातो. तुह्या नवऱ्याले सांग, बस स्टँडवर सोडून दे."

मी धावत जाऊन इंदूताईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अंगणवाडीत वेळेवर पोचलात का?"

"थोडा उशीर झाला."

"मग उद्या लवकर निघ."

पुढं त्यांच्या घराची जागा बिल्डरकडं गेली. इंदूताई विश्रांतवाडीला पुतण्याकडं राहायला गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या. उतार करायचा तर एक पार्किंग जातं, म्हणून सोसायटी नाही म्हणते. मी भेटायला गेले तेव्हा त्या बाल्कनीत होत्या. "बघ, कुंडीसारखी ठेवलीये. पाणीही वेळेवर घालतात," म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते.

खाली येऊन मी सोसायटीच्या चेअरमनना गाठलं. ते म्हणाले, "आपण कोण? सभासद आहात का?" मी म्हटलं, सभासद नाही, पण परत येणार. गेल्या रविवारी गेले. या रविवारीही गेले. मिस्टर म्हणतात, लोखंडी उतार मी जोडून देतो, लागेल तेव्हा टाकायचा, नको तेव्हा उचलायचा, पार्किंग कुठं जातंय? चेअरमन म्हणतात, मीटिंगमध्ये बघू. बघा म्हणावं. मी मीटिंगच्या बाहेर उभी असेन, दोन्ही लेकरांना घेऊन.

इंदूताई, माझी लेक तुमच्यामुळं माझ्याजवळ राहिली. याची परतफेड मी करणार. कधी ते सांगता येत नाही, पण तो उतार होईल, तुम्ही स्वतःच्या हातानं चाकं फिरवत त्या इमारतीतून आळंदी रस्त्यावर याल, आणि मागून ढकलायला मी येणार नाही. मी पुढं उभी राहून गाड्या थांबवीन.