सकुबाईची उलटी चाल

सापगावची सकुबाई गेले पन्नास पावसाळे भात लावतेय. माणसाच्या चालण्यावर संशोधन करणारे एक सर आले, तिच्या कमरेला आणि गुडघ्यांना यंत्रं बांधून म्हणाले, "आजी, रोजच्यासारखं काम करा."

सकुबाई वाकली आणि रोपं लावत मागं मागं सरकू लागली.

"उलट्या का जाता? यंत्राला पुढचीच चाल कळते."

"मंग त्याला शिकव. पुढं गेले तर लावलेलं सगलं तुडवीन."

समजवायला सर शेतात उतरले. नावापुढं दोन पदव्या होत्या, पायाखाली चिखल पहिल्यांदाच. घसरले आणि रोपांवरच बसले.

महिन्यानं आलेला अहवाल नातीनं, नम्रतानं, वाचून दाखवला: "चाल सदोष. तोल जाण्याचा धोका."

सकुबाईनं विचारलं, "कोनाचा तोल, ते लिवलंय का?"