ब्रेकर मी उघडला नाही

"तू जरा बाहेर थांब गं," सर म्हणाले. "तुमच्यात हे चालत नाही ना. उगाच तुला अवघडल्यासारखं व्हायला नको."

खंडेनवमी होती. लॅबमध्ये विजेचं नवं पॅनेल उभं राहिलं होतं, त्याची पूजा. दाराला झेंडूचं तोरण. पॅनेलच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक. स्टुलावर नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स. ही लॅब अंधेरीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातली. मी तिथे पीएचडी करत होते आणि सर माझे गाइड होते.

मी बाहेर थांबले. पॅसेजमध्ये, वॉटर कूलरच्या बाजूला. काचेच्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. ज्या पॅनेलला ते हळद-कुंकू वाहत होते ते मी उभं केलं होतं. आतली तार न् तार मी ओढलेली. कंट्रोलरचा प्रोग्राम मी लिहिलेला. पूजा माझी नव्हे, हे खरं. आमच्या घरात आजोबांपासून देव नाहीत आणि त्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. पण पॅनेल माझं होतं. मी स्वतःहून पूजेला न जाणं वेगळं आणि तुम्ही मला दाराबाहेर उभं करणं वेगळं. हा फरक सरांना कळत नव्हता असं समजू नका. चांगला कळत होता. म्हणून तर आवाज एवढा मऊ.

आरती झाली. नारळ फुटला. पाणी पत्र्यावर उडालं, फरशीवर सांडलं. मग दार उघडलं.

"ये आता. येताना फडकं आण. हे जरा पुसून घे आणि चालू करून दाखव सगळ्यांना."

मी पुसलं. चालू करून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांसाठी.

एकानं माझ्यासमोर पेढे धरले. सर लगेच म्हणाले, "अरे, प्रसाद आहे तो. तिला विचारून दे." सगळे हसले. किती काळजी करणारी माणसं.

मी घाटकोपरच्या डोंगरावरची. बौद्ध. वडील वीज कंपनीच्या कंत्राटदाराकडे केबलच्या कामावर. रस्ता खोदायचा, जुनी केबल काढायची, नवी टाकायची, जोड मारायचा, खड्डा बुजवायचा. अंधेरी, मालाड, बोरिवली, सगळी उपनगरं त्यांनी जमिनीखालून पाहिलेली. त्यांना वाटायचं, मुलीनं विजेचंच शिकावं, पण खड्ड्याच्या वर राहून. मी शिकले. डिग्री घेतली, एमटेक केलं, फेलोशिप मिळवली. सरांकडे जागा मिळाली तेव्हा पप्पांनी चाळीत पेढे वाटले. ते त्यांनी कुणाला विचारून दिले नव्हते.

माझं काम काय होतं, ते थोडक्यात सांगते. छोटी वीज-यंत्रणा. छतावरचं सोलर, बॅटऱ्या, तीन इन्व्हर्टर. बाहेरची लाइन गेली की या तिघांनी मिळून हॉस्पिटलसारख्या जागेचा भार उचलायचा. एकानं जास्त ओढलं, दुसऱ्यानं कमी, की वीज हेलकावे खायला लागते आणि मग सगळंच बंद पडतं. म्हणून ते एकमेकांना सतत निरोप पाठवतात. तो निरोप उशिरा पोचला तर? सरांची जुनी पद्धत तिथेच कोसळायची. मी नवी पद्धत बसवली आणि गणितानं सिद्ध केलं की एका मर्यादेपर्यंत निरोपाला उशीर झाला तरी यंत्रणा ढळत नाही. ते प्रूफ माझं. कित्येक महिने ते डोक्यात घेऊन मी फिरले. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये, रिक्षात, एका हाताच्या बोटानं दुसऱ्या तळहातावर समीकरणं गिरवत.

सरांच्या लॅबमध्ये कामाची वाटणी होती. कुणी कधी बोलून दाखवली नव्हती, पण होती. फळा एकाचा, पक्कड दुसऱ्याची. चिन्मय माझ्याबरोबरच लागलेला. मुलुंडचा, सरांच्याच सोसायटीतला. मुलगा वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. सर त्याला फळ्यापाशी बोलवायचे आणि मला सांगायचे, "तू हार्डवेअर बघ. तुझा हात छान बसलाय. वडिलांकडून आलं असणार."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. एवढी मी बावळट.

प्रूफ पूर्ण झालं. मी सरांना फळ्यावर समजावलं. त्यांनी मध्येमध्ये प्रश्न विचारले, चिन्मयनं फोटो काढले. पुढच्या आठवड्यात सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"पेपर माझ्या आणि चिन्मयच्या नावानं जाईल," ते म्हणाले. "तुझे आभार मानू आपण. जोडणीच्या कामासाठी. व्यवस्थित, नाव घेऊन."

"सर, प्रूफ माझं आहे."

"प्रूफ तू मांडलंस. नाही कुठे म्हणतोय मी? पण विचार लॅबचा असतो. आणि हे बघ, तुला काय, तुला जागा मिळणारच आहे. तुमच्यासाठी राखूनच ठेवलेल्या असतात. ह्याला ओपनमधून झगडायचंय. एवढं समजून घे."

चिन्मय टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं मान वर केली नाही.

मला तोपर्यंत वाटायचं, चोर चोरी लपवतो. इथे चोर खुर्चीत टेकून बसला होता आणि मला समजूतदारपणा शिकवत होता. वर माझेच आभार मानणार होता.

घरी आले. पप्पा नुकतेच कामावरून आलेले, नखांत डांबर. मी सगळं सांगितलं. त्यांनी काडीनं नखांतलं डांबर कोरलं. मग म्हणाले, "गप राहा. डिग्री हातात पडू दे. मग बघू."

"मग काय बघू, पप्पा?"

"अगं, आम्ही एका सोसायटीसमोर खणत होतो. वरची लाइट गेलेली. सेक्रेटरी खाली आला, म्हणाला लवकर करा. आमच्यातल्या एकानं पाणी मागितलं, तर बोट दाखवलं. गाड्या धुवायचा पाइप. आम्ही प्यालो. लाइट चालू केली आणि निघालो. काय करणार होतो?"

"लाइट चालू केली नसती तर?"

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. असं त्यांना कुणी कधी विचारलं नसावं. "नोकरी गेली असती," ते म्हणाले. आणि मग, आवाज खाली आणून, "तू तुझं बघ. मी तुला अडवणार नाही."

आई भाकऱ्या थापत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "पाइपाचं पाणी तुझ्या बापानं मला आज सांगितलं. इतक्या वर्षांनी."

त्या रात्री मला राग आला नाही. किळस आली. सरांच्या स्वच्छ शर्टाची, त्यांच्या मऊ आवाजाची, 'बेटा' म्हणण्याची. असल्या माणसापुढे आपण उभं राहून 'सर, सर' करतो, याची.

मग त्याच यंत्रणेच्या डेमोचा दिवस आला. बाहेरून तज्ज्ञ येणार होते, वीज कंपनीचे दोन अधिकारी आणि दुसऱ्या एका संस्थेतल्या प्राध्यापिका. कॉलेजला मोठा प्रकल्प मिळायची शक्यता होती. सर नवा कोट घालून आले. मला म्हणाले, "तू पॅनेलपाशी उभी राहा. मी खूण केली की ब्रेकर उघड. बाकी काही बोलू नकोस."

ब्रेकर उघडला की बाहेरची लाइन तुटते. मग तिन्ही इन्व्हर्टरांनी भार उचलायचा आणि पडद्यावर सगळ्यांना दिसायचं की यंत्रणा कशी सावरते. तोच सगळा खेळ. मी रबरी हातमोजे घातले आणि उभी राहिले.

चिन्मय बोलायला लागला. माझी वाक्यं होती. माझ्या आकृत्या होत्या. एका आकृतीत मी केलेली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच. त्यानं ती वाचलीही नव्हती धड.

प्राध्यापिका बाईंनी विचारलं, "उशिराची ही मर्यादा आली कुठून? दोन इन्व्हर्टरमध्ये उशीर वेगवेगळा असेल तर हे प्रूफ टिकतं का?"

चांगला प्रश्न होता. नेमका. चिन्मयनं स्लाइड मागे नेली, पुढे नेली. सर म्हणाले, "टिकतं, टिकतं. तपशील पेपरमध्ये आहे." बाई म्हणाल्या, "हो, पण कसं?" मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. तोच मऊ आवाज.

"सांग गं जरा. तू होतीस ना तेव्हा तिथे."

तू होतीस ना तिथे. जसं काही मी चहा घेऊन गेले होते.

मला उत्तर येत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे उत्तर दिलं की तेही यांचंच होणार. मी जितकं हुशारीनं बोलेन तितका यांचा कोट चमकणार. आजवर मी हेच करत आले होते. यांची अडलेली गाडी ढकलायची आणि बाजूला व्हायचं.

मी हातमोजे काढले. पॅनेलवर ठेवले.

"प्रूफ माझं आहे," मी म्हणाले. "पेपरवर माझं नाव नाही. आभारात आहे. आभारातल्या माणसाला प्रश्न विचारू नका. ज्यांची नावं आहेत त्यांना विचारा."

"हे काय चाललंय?" सर म्हणाले. "आपण नंतर बोलू. आधी ब्रेकर उघड."

"नाही उघडणार."

"काय?"

"मी उघडणार नाही. तुम्ही उघडा. तुमचं काम आहे ना? या इकडे, उघडा."

सर जागचे हलले नाहीत. पॅनेलला हात लावायला ते घाबरत होते. हे मला त्या दिवशी कळलं. पूजेच्या दिवशी त्यांनी त्याला फक्त हळद-कुंकू वाहिलं होतं, तेही बंद असताना. वीज कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं खाली बघून मोबाइल चाळायला सुरुवात केली. चिन्मय पुटपुटला, "यार, आत्ता नको ना."

"मग कधी?" मी विचारलं.

तो पुन्हा स्लाइडकडे वळला. मी बॅग उचलली आणि बाहेर पडले. प्रश्न विचारणाऱ्या बाई माझ्या मागे येतील, असं मला जिना उतरताना वाटलं. खोटं कशाला बोलू. आल्या नाहीत. कुणीच आलं नाही. रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखाली मी उसाचा रस प्याले. भूक सणसणून लागली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. "मी तुला मुलीसारखं वागवलं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. असली माणसं स्वतःसाठी फार पटकन रडतात. "लेखी माफी माग. मी मोठ्या मनानं सगळं विसरीन."

"तुमचं मोठं मन तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले.

मी तक्रार केली. समिती बसली. समितीत सरांबरोबर सकाळी चालायला जाणारे लोक. त्यांनी मला पाणी विचारलं, चहा विचारला, आणि निष्कर्ष काढला की गैरसमज झाला आहे. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "जातीचा मुद्दा आणू नकोस. त्यानं तुझंच नुकसान." मी विचारलं, "मी आणला?" तो घड्याळ बघायला लागला.

डिपार्टमेंटमध्ये दुसरा कुणी गाइड मला घ्यायला तयार झाला नाही. माझी प्रगती असमाधानकारक ठरवली. फेलोशिप अडकली. मी बोरिवलीला क्लासेसमध्ये बारावीचं फिजिक्स शिकवलं. मग एका दुसऱ्या कॉलेजात एका मॅडमनी घेतलं. त्यांच्याकडे धड लॅब नव्हती. पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि स्वतः बाकावर बसल्या. मी नवा प्रश्न घेतला, नवं काम केलं, डिग्री मिळवली. आता मी शिकवते. सरांचा पेपर मात्र छापून आला. त्यावर लोक त्यांना बोलावतात, शाली घालतात. माझे आभार शेवटी, बारीक टायपात.

गेल्या महिन्यात चिन्मयचा फोन आला. आता तो मोठ्या कंपनीत आहे. सर निवृत्त होतायत, विलेपार्ल्याला हॉल घेतलाय, सगळे जुने विद्यार्थी येणार.

"तू पण ये ना," तो म्हणाला. "दोन चांगले शब्द बोल. सर आजारी असतात गं हल्ली. झालं गेलं."

"येते. माइक दे. प्रूफ कोणाचं ते सांगते. तू बाजूला उभा राहून हो म्हण."



"मग नको येऊस," तो म्हणाला.

"बरं."

कुणी म्हणेल, म्हातारा माणूस, आजारी, सोडून दे. मी सोडणार नाही. आजारपणानं चोरी धुतली जात नाही आणि वय हा काही पराक्रम नाही. ज्या जर्नलनं तो पेपर छापला, त्यांच्याकडे मी आक्षेप पाठवला आहे. प्रूफ कसं सुचलं, कुठे अडलं, कसं सुटलं, सगळं मांडलं आहे. सोबत एक मागणीही केली आहे. त्या दोघांना समोर बसवा, मलाही बसवा, आणि तिघांनाही कोरा फळा द्या.

बहुतेक ते नाही म्हणतील. मग मी पुन्हा पाठवीन. सर जिवंत असतील तर पाठवीन, नसतील तरी पाठवीन. माझं नाव आभारातून निघून वर जाईपर्यंत मी या लोकांना सुखानं शाल पांघरू देणार नाही.