लांबलेली सुंता

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवतो. प्रजननाचा धडा आला की 'हा घरी वाचून या' म्हणतो आणि थेट पुढच्या धड्यावर जातो. अल्लाने बरोबर माझ्याच घरी हा पेपर काढला.

सातव्या महिन्यात बायकोचं बीपी वाढलं. मुलगा दिवस भरायच्या आधी झाला, एवढासा. त्याच्या लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. डॉक्टर म्हणाले, "वर्षाचा झाला की ऑपरेशन करू, बरा होईल. पण तोवर सुंता अजिबात करू नका, तीच कातडी ऑपरेशनला लागते." मी विचारलं, हे बीपीमुळे झालं का? ते म्हणाले, एकामुळे दुसरं झालं असं नाही. पोटात बाळाला पोसणारी वार सुरुवातीपासूनच नीट काम करत नसेल, तर आईचं बीपी वाढतं, बाळाचं वजन कमी राहतं, आणि अशा मुलग्यांत हा दोषही जास्त दिसतो. "कुणाच्या खाण्यापिण्याने झालेलं नाही. घरी सांगा."

बायकोला सांगितलं. अम्मीला सांगायला जीभ रेटेना.

आमच्याकडे सुंता लवकर उरकतात. अम्मीने विषय काढला की मी म्हणायचो, वजन कमी आहे. वजन वाढलं, तर म्हणालो थंडी आहे. मग म्हणालो, उन्हाळा संपू दे, जखम चिघळते. सोलापुरात उन्हाळा संपायची वाट बघणारा मी एकटाच शहाणा! बायको विचारायची, "तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हणायचो, मीच सांगतो, आणि पिशवी घेऊन दूध आणायला जायचो.

शेवटी मोहोळहून मामूंचा फोन आला. जुम्म्याला येतो, सुंतेचं डॉक्टरशी बोलणं झालंय. आता पळायला जागा नव्हती. अम्मीसमोर बसलो, एका कोऱ्या पुरवणीवर आकृती काढायला घेतली, आणि पहिल्याच बाणाला घाम फुटला.

अम्मी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मेरेकू अंधी समझ्या क्या?"

दिवसातून दहा लंगोट तीच बदलायची. तिला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तू बोलावंस म्हणून विषय काढत होते, म्हणाली. मामूंनाही तिने मघाशीच येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

मग हळूच म्हणाली, "बहूच्या तोंडाला चव नव्हती, म्हणून मीच तिला रोज शेंगाची चटणी वाढली. मिठाने बीपी चढलं, आणि पोराला हे झालं. माझ्यामुळेच ना?"

पोर झाल्यापासून आठ महिने नमाजनंतर ती कितीतरी वेळ हात पसरून बसायची. मला वाटायचं, वय झालं. जन्मभर नको तिथे लाजलो. खरी लाज मला त्या दिवशी वाटली.

"नाही अम्मी," मी म्हणालो. "तुझ्या चटणीने काही झालं नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

तिचे हात थांबले. "कधी सांगितलं?"

"तो जन्मला, त्याच दिवशी."