खळ आणि झुरळं

झुरळांच्या औषधवाल्या बाईंबद्दल बाइंडरकाकांना जे माहीत होतं, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं, आणि तरी एखादं बोट उरलं असतं. त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. घरी कोण कोण होतं, ते काकांनी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं, पण समोरच्याला काही विचारायचं म्हटलं की काकांची जीभ टाळ्याला चिकटायची. बाई गेल्याचंही त्यांना दुसऱ्याच्याच तोंडून कळलं. वर्षानं औषधाच्या फेरीला वेगळाच माणूस आला, त्याच्या हातात निळ्या कापडात बांधलेली वही होती. काकांनी आधी वही ओळखली, मग विचारलं, "त्या बाई?" माणूस म्हणाला, "त्या वारल्या हो. थंडीच्या सुरुवातीला. चार दिवसांचा ताप." काका "अरेरे" एवढंच म्हणाले आणि नंतर दिवसभर त्यांना आपल्या त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली.

बाईंची गाठ पडली ती घरमालकीणबाईंमुळे. काका आणि काकू तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सव्वीस वर्षं भाड्यानं राहत होते. एक दिवस घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. खालच्या भाडेकरूनं तक्रार केली होती की वरून पाइपातून झुरळं उतरतात.

"महिनाअखेरीला मी स्वतः येऊन बघणार," त्या म्हणाल्या. "झुरळं दिसली तर घर रिकामं करा. मला बाकीचे भाडेकरू घालवायचे नाहीत."

त्या गेल्यावर काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. या वयात नवं घर कोण देणार, ही भीती दोघांनाही होती. पण काकूंना जास्त लागलं होतं ते वेगळंच. "माझ्या स्वयंपाकघरात झुरळं! माझ्या! अहो, रोज संध्याकाळी फिनेलनं पुसते मी. नुसत्या फरशीवर वाढलं तरी पाहुणा जेवेल."

"खालूनच येतात ती," काका म्हणाले. "त्याच्याकडे धान्याची पोती असतात."

काकांचा यावर ठाम विश्वास होता. जिन्यात तो खालचा माणूस भेटला की ते त्याच्याकडे न बघता कठड्याकडे बघत उतरायचे. त्यांच्या लेखी हे भांडणच होतं.

काकूंनी झुरळांचं औषध घालणाऱ्यांना निरोप धाडला तेव्हा त्यांना वाटलं, पाठीवर टाकी आणि तोंडाला फडकं बांधलेला कुणीतरी येईल. आल्या त्या पन्नाशीच्या, ठेंगण्या बाई. खांद्याला पिशवी, केसांत बॅटरी खोचलेली. चपला दारात काढल्या आणि थेट सिंकखाली पालथ्या झाल्या. आतून आवाज आला, "आहेत, आहेत. मंडळी मजेत आहेत."

"फवारा नाही मारणार?" काकूंनी विचारलं.

"फवाऱ्यानं ती पळतात, काकू. शेजारी जाऊन चार दिवस राहतात आणि परत येतात, माहेरवाशिणीसारखी. आपण त्यांना जेवायला घालायचं." बाईंनी एका नळीतून कपाटाच्या सांध्यांत मुगाएवढे तपकिरी ठिपके दिले. "हे खातात, घरी जातात आणि तिथे मरतात. मग त्यांना बाकीची खातात, तीही मरतात. घराणंच संपतं."

"ई!" काकू म्हणाल्या.

मग बाईंनी चिकट पुठ्ठे ठेवले. तीन स्वयंपाकघरात आणि एक बाहेरच्या खोलीत, काकांच्या कपाटापाशी. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातली. निघताना काकूंना बजावलं, "पंधरा दिवस पुसापुशी बंद. ठिपक्यांना हात लावायचा नाही. अन्न झाकून ठेवा आणि सिंक रात्री कोरडं करा, बास."

दुसऱ्या फेरीला आठ दिवसांनी बाई आल्या त्या दारातच थबकल्या आणि नाक वर केलं. "काकू."

"काय?"

"फिनेल."

काकूंनी पदर सारखा केला. "ठिपक्यांना नाही लावलं हो. आजूबाजूनं फक्त."

"औषधाला फिनेलचा वास लागला की झुरळ तोंड लावत नाही. तुम्ही लावाल का?"

"अहो, पण राहवत नाही मला! संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. तुम्हाला नाही कळायचं."

"कळतं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक बाई होत्या, रोज रात्री रिकामा डबासुद्धा घासायच्या. मीच ती." मग त्या हसल्या आणि काकूही हसल्या. तेव्हापासून काकूंचं त्यांच्यापाशी जमलं. काका मात्र दारातच उभे होते.

बाईंनी पुठ्ठे उचलले. स्वयंपाकघरातल्या तिन्हींवर मिळून सात झुरळं होती. बाहेरच्या खोलीतल्या एकट्या पुठ्ठ्यावर एकतीस. बाईंनी आपल्या खिळखिळ्या वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि काकांच्या कपाटाकडे वळल्या.

त्या कपाटात काकांचा जीव होता. बांधणीखान्यातून निवृत्त झाल्यावरही ते ओळखीपाळखीच्या लोकांची फाटकी पुस्तकं घरी बांधून द्यायचे. आत पुठ्ठे, कापड, दोरे, शिवून दाबाखाली ठेवलेली पुस्तकं होती आणि खालच्या फळीवर वाडग्यात मैद्याची खळ होती. बाईंनी एक पुस्तक उचलून त्याची पाठ बॅटरीनं पाहिली. कापड कडेनं कुरतडलं होतं, शिवणीत काळी मिरपूड सांडावी तशी घाण होती. दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीच्या पोकळीतून दोन झुरळं निघाली आणि काकांच्या मनगटावरून पळाली.

काकांनी हात झटकला. झुरळं खालून येत नव्हती. वरून खाली जात होती, आणि त्यांना जेवायला घालत होते ते स्वतः.

बाईंनी वाडग्याच्या कडेची वाळलेली खळ नखानं काढून जिभेवर टेकवली. "मोरचूद नाही यात?"

काका चकित झाले. खळीला कीड लागू नये म्हणून बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, हे बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"मी लहानपणी पुठ्ठ्याची खोकी चिकटवायचे," बाई म्हणाल्या. "आठ वर्षं. खळीचं टिपाड असायचं मोठं, निळसर. चाखली की तोंड कडू व्हायचं. म्हणून सवयच लागली चाखायची."

"मोरचूद मी बंद करायला लावलं," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "खळ शिजवतात माझ्या शेगडीवर. म्हटलं, विष नको स्वयंपाकघरात."

 काकांना काकूंकडे बघवेना आणि काकूंना काकांकडे. मग बाई खाली मांडी घालून बसल्या. "चला, काका. परातीत साबणाचं पाणी आणा. एकेक पुस्तक झटकू."

ते त्यांचं काम नव्हतं. ठिपके देऊन त्या पुढच्या घरी जाऊ शकत होत्या. तिघं दुपारभर बसली. पुस्तक उघडं धरायचं, पाठीवर टिचकी मारायची, पडेल ते परातीत. कुरतडलेले जुने पुठ्ठे आणि कागद बाईंनी पिशवीत बांधले. त्यांतला संगमरवरी नक्षीच्या कागदांचा एक गठ्ठा काकांनी मागे ओढला. बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, पान न् पान उलटून पाहिलं, झटकलं आणि परत दिला. "हा ठेवा," म्हणाल्या. पुस्तकं टाकून द्या, बांधणी सोडा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

काकूंनी त्यानंतर फिनेलची बाटली उचलून उंच माळ्यावर ठेवली आणि स्टूल शेजारणीला देऊन टाकलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाई न बोलावता आल्या. पाठोपाठ घरमालकीणबाई आल्या. त्यांनी सिंकखाली पाहिलं, डबे हलवले, मग काकांचं कपाट उघडलं.  चारही चिकट पुठ्ठ्यांवर मिळून एक झुरळ होतं, तेही सुकून कडक झालेलं.

"एवढी होती कुठे?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. खरं ते सांगून टाकावं, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. पण त्यांना घसा खाकरायलाच वेळ लागला.

"कपाटामागे भिंतीला फट होती," बाई म्हणाल्या. "भरून घेतली. या काकूंच्या ओट्याचा काही दोष नव्हता. असा ओटा मला महिन्यातून एखादाच दिसतो."

फट खरंच होती आणि बाईंनीच ती भरली होती. घरमालकीणबाईंनी ओट्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. "राहा मग," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या. काकूंनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. खालच्या भाडेकरूला काका दुसऱ्या दिवशी जिन्यात "नमस्कार" म्हणाले. तो इतका दचकला की त्याच्या हातातली किल्ली पडली.

बाईंचे आभार कसे मानावेत ते काकांना सुचेना. शेवटी त्यांनी त्यांची ती खिळखिळी वही मागून घेतली. चार दिवस ती घरी ठेवली, उसवून पुन्हा शिवली, निळं कापड चढवलं. उघडून वाचली मात्र नाही. दुसऱ्याची वही होती ती. खळ त्यांनी गॅलरीत, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर शिजवली.

बाई वही न्यायला आल्या तेव्हा घाईत होत्या, आत आल्या नाहीत. दारातच वही हातात घेतली, पाठीवर अंगठा फिरवला, नाकाशी नेली.

"मोरचूद घातलंत ना?"

"घातलं."

"आणि वाडगा?"

"झाकून ठेवलाय."

"झाकणावर काहीतरी जड ठेवत जा," बाई म्हणाल्या. "येते."

"या," काका म्हणाले.