क्लोश म्हणजे घंटा

डोंबिवलीत मी कॉलेजच्या मुलांना फ्रेंच शिकवते. मुलं येतात ती मार्क चांगले पडतात म्हणून, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. मनापासून शिकणारा विद्यार्थी मला एकच मिळाला, ते म्हणजे माझे बाबा. नौपाड्याच्या घरातून रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "आज कोणता शब्द?"

एकदा मी 'क्लोश' सांगितला. क्लोश म्हणजे घंटा. बाबा खूश झाले, कारण घरातली पूजा आणि घंटा हा त्यांचाच प्रांत. मग मी पुढचे अर्थ सांगत गेले. थंडीत कोवळ्या रोपावर उपडी घालतात ती काचेची हंडी, तीही क्लोश. गरम पदार्थावरचं घुमटासारखं झाकण क्लोश. बायकांची कानांपर्यंत उतरणारी टोपी क्लोश, आणि बावळट माणूस, तोसुद्धा क्लोशच.

"हा शेवटचा आईला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "रोज वापरेल."

पुढे कितीतरी दिवस ते त्या शब्दातच राहायला गेले होते. पाण्याची मोठी बाटली अर्धी कापून त्यांनी गॅलरीतल्या तुळशीच्या रोपावर उपडी घातली. नौपाड्यात थंडी ती कसली! पण बाटलीला आतून वाफ धरायची, तिच्यामागे तुळस धूसर हिरवी दिसायची, आणि बाबा तासन्‌तास तिच्याकडे बघत बसायचे. एका दुपारी पेंगुळलेल्या आवाजात मला फोनवर म्हणाले, "अगं, सगळे अर्थ एकच आहेत. आत काहीतरी जपायचं असतं, वरून कुणीतरी पांघरूण घालतं." मग यात बावळट माणूस कुठे बसतो, असं मी विचारलं. पलीकडून नुसतं घोरणं ऐकू आलं.

ईस्टरच्या आधी फ्रान्समधल्या चर्चच्या घंटा दोन-तीन दिवस वाजत नाहीत, आणि त्या उडून रोमला गेल्यात असं मुलांना सांगतात, हेही मी त्यांना सांगितलं होतं. उडणाऱ्या घंटा त्यांना फार आवडल्या. "म्हणजे त्यांच्याकडेही सुतक पाळतात," ते म्हणाले.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता बाबा गेले. झोपेतच गेले. आमच्या देव्हाऱ्याचं दार लोटलं गेलं आणि घंटा गप्प झाली. मी एकुलती एक, पण क्रियाकर्म चुलतभावाने केलं. ते दिवस मला नीट आठवतही नाहीत. माणसं येत होती, सतरंजीवर बसून उठून जात होती, आणि मी कुणाच्या तरी दुसऱ्याच घरात असल्यासारखी वावरत होते.

चौथ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आंघोळ झाली ना? आज देवांची पूजा तू कर. तुझं सुतक फिटलं."

लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस, हे मला काय माहीत नव्हतं? दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं, मानही डोलावली होती. पण त्या सकाळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या चुलतभावाला दहा दिवस आणि मला तीन!

"मी काय पाहुणी आहे का त्यांची?" मी म्हटलं. "तीन दिवसांत आटपलं माझं?"

आई स्वयंपाकघरात निघून गेली.

मी रागारागाने देव ताम्हनात घेतले. बाबा करायचे तसं आधी घंटेलाच गंध लावलं, फूल वाहिलं. मग ती उचलली आणि वाजवली. तीनदा, मध्ये थांबून थांबून, त्यांच्यासारखीच. हाताने ते आपोआप केलं. नाद भिंतींना लागून हळूहळू पसरत गेला, आणि क्षणभर मी शाळकरी झाले, पांघरुणात, अर्धवट झोपेत. बाहेर बाबांची पूजा चाललेली होती आणि मला उठायचं नव्हतं.

"अहो, झालं का? चहा टाकू?" आतून आईचा आवाज आला.

लगेच आतला नळ बंद झाला. मी घंटा हातात धरून बसले होते. आई काय बोलून बसली ते तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. माझा राग, ते तीन आणि दहा दिवस, कुठे गेले कुणास ठाऊक. तिचा प्रश्न असा रिकाम्या घरात राहू नये, एवढंच मला वाटलं.

"टाक," मी म्हटलं.