अण्णांची मंगलाष्टकं आणि आमचं अडकणारं सॉफ्टवेअर

रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्याकडं गाण्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. आमच्याकडं तर साठणारच. मंगळवार पेठेतल्या आमच्या स्टुडिओत सॉफ्टवेअर हँग झालं की परत सुरू व्हायला वीस मिनिटं घेतं. तोवर चहा येतो, माणसं बोलायला लागतात आणि आम्ही दोघं ऐकत बसतो. दोघं म्हणजे मी आणि माझा पार्टनर संभा.

* * *

हँग होताना आमचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर पाटी लावतं, ‘अनपेक्षित अडचण आली आहे’. ऐन रेकॉर्डिंगमध्ये, दिवसातनं तीनदा. एकदा संभा त्या पाटीकडं बराच वेळ बघत बसला.

‘‘दादा, नऊ वर्सं रोज येतीया ही अडचन. आपल्याला अपेक्षित हाय, मग ह्यालाच कशी न्हाय?’’

त्या दिवसापासनं त्याचा एकच धोशा, हे बदलूया. मी म्हणायचो, सगळं जुनं काम ह्यात आहे, बोटांना सवय झालीय, बघू नंतर.

* * *

दसऱ्याच्या आधी हुपरीचे अण्णा आले. चांदीची पैंजणं घडवणारा माणूस, भजनात आवाज पहाडी. एकुलत्या लेकीचं, दीपाचं लग्न दीड-दोन महिन्यांवर आलेलं. मंगलाष्टकं अण्णांनी स्वतः रचलेली.

‘‘मग मांडवातच म्हणा की,’’ मी म्हणालो. ‘‘रेकॉर्डिंग कशाला?’’

‘‘पावणं, भर मांडवात मला रडू फुटंल. मला बघून पोरगी रडंल. आधी करून ठिवू, तितं नुसतं बटन दाबायचं.’’

पाचव्या कडव्यात दीपाचं नाव होतं. तिथं पोचलं की अण्णांचे डोळे वाहायचे, म्हणणं थांबायचं. एखाद्या वेळी निभावलंच, तर सहाव्याला सॉफ्टवेअर मान टाकायचं. आठवड्यातनं दोनदा अण्णा एसटीनं यायचे आणि हात हलवत परत जायचे. मला फार लाज वाटायची.

* * *

त्याच दिवसांत शिरोळच्या एका शाळेतल्या बाई कविता रेकॉर्ड करायला आल्या. सहा कविता झाल्या आणि हँग. संभा सेव्ह करायला विसरलेला.

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘चूक कुणाची?’’

‘‘माझी, बाई.’’

‘‘मग माईकसमोर उभे राहा. सहाही कविता तुम्ही म्हणायच्या. चालीत.’’

चाळिशीचा संभा हाताची घडी घालून सहाही कविता म्हणाला. ते मात्र एकदाही न अडकता रेकॉर्ड झालं. अजून आहे माझ्याकडं.

* * *

खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरची पूजा करतो. माईकला हळद-कुंकू, कीबोर्डला झेंडू. बायकोनं आरती ओवाळायला घेतली आणि सॉफ्टवेअर हँग झालं. मी सवयीनं बटणाकडं हात नेला, तर तिनं हातावर चापट मारली.

‘‘आरती होऊपर्यंत त्याला शिवायचं न्हाय. वर्षातनं एक दिवस तरी शिव्या देऊ नका त्याला.’’

आम्ही टाळ्या वाजवत आरती म्हटली. समोर स्क्रीनवर ‘अनपेक्षित अडचण आली आहे’.

* * *

लग्न आठ दिवसांवर आलं तरी अण्णांची मंगलाष्टकं पुरी झाली नव्हती. शेवटी मीच संभाला म्हणालो, ‘‘आण बाबा तुझं नवीन सॉफ्टवेअर.’’ त्यानं त्याच दुपारी टाकलं. माझी बोटं चुकायला लागली. थांबवायला जावं तर गाणं दुप्पट वेगानं पळायचं. मग संभानं मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि अण्णांना बोलावलं.

अण्णा उभे राहिले. पाचवं कडवं गेलं, सहावं गेलं, आठही झाली. ना ते अडकले, ना सॉफ्टवेअर. संभानं तीन वेळा सेव्ह केलं आणि पेनड्राइव्ह अण्णांच्या हातावर ठेवला.

‘‘बघितलंसा दादा? नवीन ते नवीन.’’

मी मान्य केलं.

* * *

हुपरीला आम्ही दोघंही लग्नाला गेलो. आंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या. साउंडवाला पेनड्राइव्ह मागायला आला तर अण्णांनी त्याला हातानं थांबवलं, त्याच्याकडचा माईक घेतला आणि स्वतःच सुरू केलं. पाचवं कडवं आलं. दीपाचं नाव त्यांनी असं खणखणीत घेतलं की ती मान वर करून बापाकडं बघून हसली. आठही कडवी आवाज जराही न हलता पार पडली. रडत होतो ते मी आणि संभा.

जेवणाच्या पंगतीत अण्णा स्वतः वाढायला आले. पेनड्राइव्ह अजून त्यांच्या खिशातच होता. मी विचारलं, ‘‘अण्णा, रडू कसं आलं न्हाय?’’

अण्णांनी माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.

‘‘आता कुटलं, पावणं? दीड म्हैना तुमच्याकडं यिऊन रडून घेतलंय की सगळं.’’