शैलजाबाईंची नकली रेकॉर्ड

खामगावचे उद्धवराव पाठक मास्तरकीतून निवृत्त झाले आणि जुन्या विलायती रॉकच्या रेकॉर्ड जमवायच्या नादी लागले. घरात येईल तर अस्सल मालच, हा त्यांचा बाणा. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मागवलेली रेकॉर्ड आली, तशी त्यांनी ती भिंग लावून तपासली. कव्हरवरचं चित्र फोटोचा फोटो काढल्यासारखं धूसर होतं. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कारखान्यात कोरलेला नंबरच नव्हता.

"फसवलं लेकाच्यानं!" म्हणत ते खोकं परत बांधायला सुतळी शोधायला गेले.

येऊन पाहतात तर रेकॉर्ड वाजत होती. एरवी या गाण्यांना कापसाच्या जिनिंगची घरघर म्हणणाऱ्या त्यांच्या पत्नी शैलजाबाई ती लावून तूरडाळ निवडता निवडता चक्क मान डोलावत होत्या.

"अवं, नकली हाय थे!"

"असू द्या. पह्यल्यांदाच तुमचं गाणं मले गोड लागून राह्यलं."

उद्धवरावांनी सुतळी परत ठेवून दिली. रेकॉर्ड गुपचूप अस्सलांच्या कपाटात गेली. आता दर रविवारी ती लागते, बाई आवाज वाढवतात आणि उद्धवराव तोंड वाकडं करून पायानं ठेका धरतात.